सीट, स्टँड आणि बाणकोटची खाडी

मोटरसायकलच्या सीटची उंची जमिनीपासून मिलिमीटरमध्ये सांगतात. रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ची उंची ८०० मिमी. आकडा खरा, पण अपुरा. कारण पाय खाली उतरतात ते सीटच्या दोन्ही कडांवरून. सीट जितकी रुंद, तितके ते फाकतात आणि जमिनीला तितकेच कमी पडतात. प्रस्तुत लेखिकेची उंची पाच फूट एक इंच, गाडीचे वजन दोनशे किलोच्या आसपास. सपाट रस्त्यावर चवड्यांवर निभते. थांबल्या जागी खळगा निघाला की निभत नाही.

गॅरेजांत यावर हमखास सुचवला जाणारा उपाय मागच्या सस्पेन्शनचा असतो. शॉकॲब्सॉर्बरच्या लिंकच्या पट्ट्या वेगळ्या मापाच्या बसवल्या की गाडीचा मागचा भाग खाली बसतो. पुण्याहून कोकणात निघण्याआधी लेखिकेच्या गाडीला तेच केले गेले : मागून २५ मिमी. त्या प्रमाणात पुढचे फोर्क क्लॅम्पमधून वर सरकवले नाहीत, तर पुढच्या फोर्कचा कल वाढतो आणि गाडी वळायला आळस करते. ते सरकवले नव्हते. ताम्हिणीच्या वळणांवर कळले. पोटाखालची २२० मिमीची मोकळी जागाही घटली, त्यामुळे म्हसळ्यापर्यंतचे गतिरोधक इंजिनाखालच्या बॅशप्लेटने मोजले गेले. हरिहरेश्वरला मुक्काम झाला.

साइड स्टँडची लांबी मूळ उंचीला बेतलेली असते. गाडी खाली आली आणि स्टँड तेवढाच राहिला, तर ती डावीकडे पुरेशी कलत नाही, जवळजवळ ताठ उभी राहते. बाणकोटच्या खाडीत, बागमांडल्याहून वेसवीला जाणाऱ्या फेरीबोटीवर शेवटी एक जीप चढली, डेक जरासा झुकला आणि गाडी सावकाश, जणू विचार करून, उजवीकडे आडवी झाली. खाली कोळणीच्या रिकाम्या पाट्या होत्या. त्यांची भरपाई तिने घेतली नाही. आरसा मात्र गेला.

दापोलीत आरसा शोधताना एक कुशनवाला भेटला. रिक्षा आणि जीपच्या सीटा करणारा, बोलायला कमी. त्याने लेखिकेला गाडीवर बसवले, पाय कुठे अडतात ते पाहिले आणि मांड्यांच्या आतल्या बाजूने खडूने रेघा ओढल्या. ‘ताई, उंची सोडा, रुंदी बघा,’ एवढाच त्याचा सल्ला. सीट काढून त्याने पिना उपसल्या, कव्हर सोलले. आतला फोम एकसंध ओतलेला असतो. तो मधून खरवडला की टाकीकडे घसरण होते आणि तासाभरात माकडहाड सीटचा प्लॅस्टिकचा तळ शोधू लागते. म्हणून मधला भाग त्याने फक्त २० मिमी उतरवला. खरी सुरी चालली ती पुढच्या दोन्ही कडांवर, जिथे मांडी वळते. नंतर ग्राइंडरने घासून हात फिरवला, पुन्हा बसवले, पुन्हा खडू. असे चार वेळा. माकडहाडाखाली घट्ट रिबॉन्ड फोमचा पातळ थर चिकटवला; तिथे मऊ फोम लवकर बसतो. कव्हरच्या शिवणीतून पावसाचे पाणी फोममध्ये जाते, त्यासाठी मध्ये प्लॅस्टिकचा कागद. हे काम चालू असताना हर्णैचा मासळीचा लिलाव पाहून येण्याचा बेत होता. सुरीवरून नजर हटली नाही, लिलाव राहिला.

दोन्ही टाचा टेकल्या नाहीत, पण दोन्ही चवडे पूर्ण टेकले, आणि गाडी पेलायला तेवढे पुरते. एक गैरसोय झाली : सीट आणि फूटरेस्टमधले अंतर घटल्याने गुडघे जास्त दुमडतात आणि दर तासाला उतरून चालावे लागते.

लिंकच्या मूळ पट्ट्या सामानात होत्या. शेजारच्या मेकॅनिकने त्या संध्याकाळपर्यंत परत चढवल्या. दुसऱ्या दिवशी दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर गाडी स्टँडवर नीट कलून उभी राहिली. लेखिकेने तरी हँडल सोडले नाही.