बसायची जागा आपल्या मापाची

मैत्रिणींनो, घरात सगळ्यात शेवटी कोण बसतं, हे मी तुम्हाला विचारत नाही. उत्तर आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. आणि बसायला मिळालं तरी कशावर? डुगडुगत्या स्टुलावर, नाहीतर कुणाला नको असलेल्या खुर्चीवर. पाठ दुखली की आपणच म्हणतो, "वय झालं ग आता!" आज सांगतेय ती गोष्ट एका होडीतल्या आसनाची आहे, पण तिचा संबंध आपल्या पाठीशी आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

आमच्या सावनेरला होडीचं कौतुक कसं असणार? कोलार नदी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात रोडावते. तरी माझ्या पुतण्यानं अंगणात कयाक बांधायला घेतली. कयाक म्हणजे लांबट, अरुंद, एकट्यानं वल्हवायची होडी. सागाच्या पट्ट्या आणि बांबूच्या कामट्या दोऱ्यानं आवळून सांगाडा करायचा, त्यावर कॅनव्हास ताणून शिवायचं आणि पाणी आत येऊ नये म्हणून वरून रंगाचे हात द्यायचे. शिवण अर्थातच माझ्याकडे आली. दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन मी चार दुपारी त्या सांगाड्याशी बसले.

ही कामाची वाटणी फार जुनी आहे बरं का! ग्रीनलंडसारख्या बर्फाळ मुलखातले इन्युइट लोक पिढ्यान्‌पिढ्या अशा होड्या करत आले. सांगाडा पुरुषांचा, आणि वरची सीलची कातडी शिवायची बायकांनी. सुई कातड्याच्या आरपार जाऊच द्यायची नाही, असा त्यांचा टाका; म्हणजे छिद्रच पडत नाही. नवरा समुद्रात जाई तो बायकोच्या टाक्यावर भरवसा ठेवून! आणि होडी बांधायची ती अंगाच्या मापानं. लांबी साधारण तीन वाव, बसायच्या जागेची रुंदी बसणाऱ्याच्या कमरेइतकी अधिक दोन मुठी. आपण ब्लाउज बेततो तशीच की!

अशा कापडी होडीतून माणसं कुठल्या कुठे गेली आहेत. ऑस्कर श्पेक नावाचा एक जर्मन तरुण १९३२ साली घडीच्या कापडी कयाकमधून निघाला, हिंदुस्थानचा पश्चिम किनारा धरून सिलोनला गेला आणि १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाला पोचला. १९५६ साली हानेस लिंडेमान या डॉक्टरानं तसल्याच होडीतून अटलांटिक ओलांडला, ७२ दिवस! वाचलं तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की हा बाबा इतके दिवस बसला कसा?

कारण आमच्या होडीचं घोडं तिथेच अडलं होतं. पुतण्यानं आधी जुना कापसाचा लोड कापून घातला. बादलीभर पाणी सांडताच तो भिजून दगड झाला. मग त्यानं सपाट फळी ठोकली. त्याला ती चालली. मी बसून पाहिलं, तर दहा मिनिटांत पायांना मुंग्या! "काकू, तुझं वय झालं," तो हसला. आमचे हे म्हणाले, "तू आपली काठावर बसून फोटो काढ."

मला फोटो काढायचे नव्हते. मला पाण्यावर जायचं होतं. मी म्हटलं, "वय राहू दे रे. ही फळी तुझ्या मापाची आहे."

मग आम्ही माझं माप घेतलं. ओली वाळू थापून त्यावर प्लास्टिक अंथरलं आणि मी बसले. उठल्यावर दोन खळगे दिसले. बसल्यावर आपला भार मुख्यतः कुल्ल्यांतल्या दोन हाडांवर येतो, त्यांचे ते ठसे. बायकांचा कटिभाग साधारणपणे रुंद, म्हणून पुरुषाच्या मापाचं आसन आपल्याला बोचतं. फळीची पुढची कड मांडीखाली रुतली की तिथली शीर दबते, आणि पाय बधिर होतो. वयाचा त्यात काय दोष?

आता कृती सांगते. होडीच्या कापडावर भार येता कामा नये. तो सांगाड्यानंच पेलायला हवा. म्हणून जुन्या पलंगाची नायलॉनची नवार सांगाड्याच्या दोन बाजूंना ताणून बाजेसारखी विणली. नवार फार उंच घ्यायची नाही. बूड जितकं वर, तितकी होडी जास्त डोलते. वर स्लिपरच्या तळव्यासारखा, पाणी न पिणारा फोम दोन थरांत चिकटवला. हाडांच्या जागी खोलगट कोरलं, मांडीखाली किंचित उंच ठेवलं, आणि पुढची कड घासून गोल केली. पाठीला नवारीचाच वीतभर रुंद पट्टा, तोही कमरेपाशी, बरगड्यांच्या खाली. उंच पाठ नको, वल्हवताना अंग वळायला हवं. टाचांना टेकू दिला, म्हणजे गुडघे जरा वाकलेले राहतात. आणि एक पक्कं लक्षात ठेवा: आसन होडीला घट्ट बांधायचं, माणसाला कधीही बांधायचं नाही. होडी उलटली तर झटकन बाहेर पडता आलं पाहिजे.

परवानगी काढून एका तलावावर गेलो. लाइफ जॅकेट घालून आधी कमरेइतक्या पाण्यात चढण्या-उतरण्याचा सराव केला, दोघं जण हाताशी उभे ठेवून. मग मी निघाले. पाऊण तास वल्हवत होते, आणि पाय एकदाही मुंग्यांनी भरले नाहीत. काठावरून फोटो यांनी काढले. बरे आलेत!

तुम्ही होडी बांधावी असं काही माझं म्हणणं नाही. पण उद्या दुपारी झाकपाक झाली की शिलाई मशीनपुढचं आपलं स्टूल पाहा. पाय जमिनीला पुरते टेकतात का? कड मांडीत रुतते का? कमरेला आधार आहे का? तीनांपैकी एकाचंही उत्तर मनासारखं आलं नाही, तर वयाला बोल लावायच्या आधी सुताराला बोलवा. आणि माप द्यायला स्वतः बसा.