मामाची रायफल, भाच्याचा दस्ता

गोंदिया,
दसरा

प्रिय भाचेबुवा,

साष्टांग नमस्कार. पुण्यात राहून विसरला असशील म्हणून सांगतो, आपल्याकडे मामा भाच्याला आशीर्वाद देत नाही, त्याच्या पाया पडतो. तेव्हा आधी नमस्कार, उपदेश नंतर.

नवी, टाकीत हवा भरायची पीसीपी रायफल घ्यावी की मी दिलेल्या जुन्या आयएचपीला दस्ता करून घ्यावा, असं तू विचारलंस. दस्ता करून घे. आयएचपी म्हणजे इंडियन ह्यूम पाइप, वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये काढलेली कंपनी. सिमेंटचे पाइप करणाऱ्या या मंडळींनी एअर रायफलीही बनवल्या, हे आता सांगून कुणाला पटत नाही. रायफल दणकट आहे. दस्ता मात्र कारखान्यातून सगळ्यांसाठी एकाच मापाचा आला. तुझी मान लांब. गाल लाकडावर टेकला की डोळा आपसूक माशीच्या रेषेत यायला पाहिजे; तुला ती शोधत बसावं लागतं. ट्रिगरपासून खांद्यापर्यंतचं अंतरही तुझ्या हाताला तोकडं पडतं. नेम चुकला की तू नळीला दोष देतोस. आपल्याकडच्या मंडईच्या जत्रेत फुग्यांच्या दुकानापुढे सगळे तेच करतात. (तिथे मात्र बरेचदा खरंच नळी वाकडी असते.)

स्प्रिंगच्या रायफलीची खोड समजून घे. नळी मोडून स्प्रिंग दाबली, ट्रिगर ओढला की पिस्टन पुढे झेपावतो आणि रायफल मागे सरकते. पुढे हवेची गादी लागून पिस्टन अडतो, तशी ती पुढे हिसका देते. हा सगळा खेळ छर्रा नळीत असतानाच सुरू होतो. म्हणून तिला आवळून धरलं की ती दर वेळी वेगळी उसळते. डावा तळवा नुसता खाली पसरायचा, बोटं मिटायची नाहीत, आणि तिला हवं तसं हलू द्यायचं. जोर करणाऱ्या माणसाला ती कधीच वश होत नाही. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झाला तो दाबाच्या हवेवर चालणाऱ्या रायफलीवर. दहा मीटरवरून अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका गाठायचा, तिथे स्प्रिंगचे हिसके कोण सोसणार? पण तुला-मला कैरोला जायचं नाही.

आता लाकूड. शिसम देखणं, पण जड. हळदूचा पोत एकसारखा, पटाशीखाली लोण्यासारखा निघतो. माझा कौल मात्र जुन्या सागवानाला. सागवान पटाशीची धार खातं, सुतार कुरकुरतो, तरी घराच्या चौकटीत वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड पावसाळ्यातही फुगत-वाकत नाही. तुझ्या आजोळच्या धान्याच्या ढोलीची चौकट मी पाडकामातून बाजूला काढून ठेवली आहे. एकच बघायचं: रेषा मुठीतून लांबीने गेल्या पाहिजेत. आडव्या आल्या तर दस्ता तिथेच मोडतो. दुसरी नाजूक जागा पुढे. नळी मोडताना स्प्रिंग दाबणारा दांडा मागे सरकतो, त्यासाठी लाकडात लांब खाच पाडावी लागते आणि दोन्ही बाजूंना पातळ भिंती उरतात. चीर पडते ती तिथूनच. पुढचे स्क्रू दर बैठकीला तपासायचे, हादऱ्याने ते ढिले होतात. वर वॉर्निश नको. जवसाचं उकळलेलं तेल चिंधीने चोळायचं, वाळू द्यायचं, पुन्हा चोळायचं. हात दुखले पाहिजेत.

आमची मंडळी रविवारी सकाळी एका राइस मिलच्या मागच्या आवारात जमते. मिलवाला, एक मास्तर, एक वेल्डर आणि मी. वाळूची पोती रचलेली, त्यावर पुठ्ठे. खरी मजा रायफली अदलाबदल करण्यात. वेल्डरचा दस्ता त्याच्या रुंद खांद्याच्या मापाचा. तो मास्तरांनी उचलला की हनुवटी हवेत आणि छर्रा पुठ्ठ्याच्या कडेला. मग चहा येईपर्यंत वाद. मिलवाल्याची रायफल सगळ्यांत महागडी, आणि त्याचेच छर्रे सगळ्यांत विखुरलेले. त्याला ते आम्ही विसरू देत नाही.

दोन गोष्टींत माझ्याशी वाद घालायचा नाही. एक, ४.५ मिलिमीटरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्यातून सुटते. म्हणून कुणी जोरदार स्प्रिंग घालून देतो म्हटलं तर सरळ नाही म्हणायचं. दोन, पाखरावर नळी रोखायची नाही. आपला जिल्हा सारसांचा, नवेगाव-नागझिऱ्याचा. १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, पण कायदा नसता तरी आमच्या आवारात असल्या माणसाला जागा नाही. अरुणाचलात २०२१ पासून लोकांनी आपणहून एअरगन सरकारजमा करायला सुरुवात केली, ती शिकारीमुळे रानं मुकी झाली म्हणून.

भाऊबीजेला येताना रायफल घेऊन ये, आणि चार दिवस राहा. माप तुझ्या खांद्यावरच घ्यावं लागतं. उशीर करू नकोस. मंडई सुरू झाली की आमचा सुतार नाटकांच्या स्टेजच्या कामाला जातो आणि मग होळीपर्यंत हाती लागत नाही.

तुझा,
मामा