कल्हई कशासाठी करायची?

मैत्रिणींनो, घरातली एखादी जुनी वस्तू मोडली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, दुरुस्त करू. दुसरा म्हणतो, देऊन टाकू. मिक्सर किंवा शिलाई मशीन असेल तर वाद संध्याकाळच्या चहापर्यंत मिटतो. आमच्याकडे मात्र हा प्रश्न मोटारीवरून आला आणि तब्बल तीन महिने रेंगाळला. भांडण झालं असतं तर परवडलं असतं. आमच्याकडे लागली होती ती गप्प बसण्याची चढाओढ!

आमची गाडी म्हणजे लाल रंगाची फियाट पॅलिओ. नोंदणी २००२ सालच्या डिसेंबरची. ही गाडी २००१ मध्ये आपल्याकडे आली तेव्हा सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीत होता. आमच्या ह्यांच्यासारखी कॉलेजातली मुलं तेव्हापासूनच तिच्यावर लट्टू. पुढे नोकरी लागल्यावर २०१० मध्ये ह्यांनी ती दुसऱ्या हातची घेतली. आमचं लग्न त्यानंतर तीन वर्षांनी झालं. म्हणजे घरातल्या ज्येष्ठतेचा विचार केला तर थोरली तीच!

अशा गाड्यांना 'हॉट हॅचबॅक' म्हणतात, हे मला लग्नानंतर समजलं. मागचं दार वर उघडणारी छोटी घरगुती गाडी, पण पोटात मोठ्या गाडीचं इंजिन. परदेशात १९७६ मध्ये फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आली आणि ही रीत रुळली. आपल्या मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं. आमच्या पॅलिओचं १,५९६ सीसीचं, म्हणजे दोन मारुतींच्या एवढं एकटीचं! ताकद १०० अश्वशक्तीची. दिसायला गरीब गाय, पण साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना अंगात वारं शिरल्यासारखी पळायची. पेट्रोलही तसंच प्यायची. गावात लिटरला आठ-नऊ किलोमीटर मिळाले तर आम्ही देवाला साखर ठेवायचो.

गेल्या पावसाळ्यात मी मंडईतून येत होते. काटा तापमानाच्या लाल रेघेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. गॅरेजवाल्यांनी ऑइलचं झाकण उघडून दाखवलं. आत दूध नासून चहात पडावं तसा पांढरट लगदा. "वहिनी, हेड गास्केट गेलंय. पाणी आणि ऑइल एक झालंय. हेड उतरवायला लागणार."

दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. रेडिएटरमधलं पाणी कमी झालं की योग्य ते कूलंट घालायचं सोडून आम्ही वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतत होतो. त्या पाण्यातल्या क्षारांनी आणि गंजानं आतल्या वाटा बुजत गेल्या. दोनशे-तीनशे रुपये वाचवले आणि हजारोंचा खड्डा करून घेतला. तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर एवढं तरी आजच विचारून घ्या.

गॅरेजवाल्यांनी चिठ्ठी दिली. हेड, गास्केट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि रेडिएटर मिळून ३४ हजार. चाकांखालचे बुश आणि शॉकअप १४ हजार. दोन टायर ८ हजार. क्लच ९ हजार. एसी ७ हजार. बेरीज ७२ हजार. हे चिठ्ठीकडे बघत राहिले, म्हणाले, "बघू." मीही म्हटलं, "बघू." आणि गाडी अंगणात उभी राहिली.

आता खरी गोष्ट सांगते. मी बी.ए. झालेली. इथल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. कायम होण्यासाठी बी.एड. हवं, आणि ते आता दोन वर्षांचं झालं आहे. त्यासाठी भिशीतून आणि शिकवण्यांतून मी ८० हजार रुपये साठवले होते. घरात एकदम काढता येतील असे तेवढेच पैसे होते. ह्यांनी ते कधी मागितले नाहीत. पण चिठ्ठीवरची ७२ ची बेरीज बघितली आणि ते पैसे कपाटातून माझ्याकडे बघताहेत असं मला वाटायला लागलं.

तुम्ही म्हणाल, मग विकून टाकायची! शेजारच्या वहिनींनीही तेच सांगितलं. "गाडीची किंमत पन्नास हजार आणि दुरुस्ती बहात्तरची? कुणी वेडं तरी करेल का?" पण मैत्रिणींनो, या हिशोबात एक चूक आहे. दुरुस्तीचा खर्च त्या गाडीच्या किमतीशी ताडून बघायचा नसतो. ती गेल्यावर तिचं काम ज्यानं करायचं, त्याच्या खर्चाशी ताडायचा असतो. बरी अशी दुसऱ्या हातची छोटी गाडी घ्यायची तर अडीच-तीन लाख लागतात. त्यापुढे ७२ हजार स्वस्तच की!

आणि खरं सांगू का, मलाच ती विकायची नव्हती. ह्यांचं प्रेम सगळ्यांना दिसायचं. माझं मलाच आता कळत होतं. २०१६ मध्ये मी याच गाडीवर चालवायला शिकले. तिचा क्लच इतका जड की पहिले आठ दिवस डावा पाय दुखत होता. पण एकदा हात बसला आणि कुणाला विचारायचं कारण उरलं नाही. २०१९ मध्ये सासूबाई न्हाणीघरात पडल्या तेव्हा रात्री अकरा वाजता मीच त्यांना दवाखान्यात नेलं. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला महापूर आला. माझं माहेर तिथलं. घरात पुरुषभर पाणी शिरलं होतं. घाटातला रस्ता सुरू झाल्यावर आम्ही दोघं उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलो. डिकीत शेगडी, चादरी, तांदूळ-डाळ आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन. आईनं दारातली लाल गाडी बघितली आणि ती चिखलातच खाली बसून रडायला लागली. अशी गाडी वजनावर कशी द्यायची, सांगा.

दीड महिना असा गेला. एक दिवस मी फळीवरचं पितळेचं पातेलं पुसत होते. सासूबाईंना सहज म्हटलं, "आई, याला कल्हई करून घेऊ या का?" त्या म्हणाल्या, "त्यात शिजवणार असशील तर कर. नुसतं फळीवर ठेवायचं तर कल्हई कशाला? नुसतं घासलं तरी चकाकतं."

त्या पातेल्याबद्दलच बोलत होत्या. पण माझ्या मनात अंगणातली गाडी उभी राहिली. त्या रात्री मी हिशोबाची वही काढली. पेट्रोलची नोंद मी पहिल्यापासून ठेवते. मागच्या बारा महिन्यांत गाडी सुमारे ३,६०० किलोमीटर चालली होती. त्यात चिपळूणच्या चार खेपा, पुण्याच्या दोन आणि कोल्हापूरची एक. उरलेलं निम्म्याहून जास्त चालणं शाळा, मंडई आणि पोवई नाका एवढंच. म्हणजे १०० घोडे जुंपून मी मेथीची जुडी आणत होते! पेट्रोल ३८ हजारांचं झालं होतं. इंजिन १,५०० सीसीच्या वरचं, म्हणून तिऱ्हाइताचा विमा सर्वांत वरच्या दराचा, ९ हजारांच्या पुढे. किरकोळ दुरुस्त्या १५ हजारांच्या.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन मी एकटीच गॅरेजवर गेले आणि तिचे तीन भाग करून मागितले. जिवाशी गाठ असलेलं काय, गाडी चालण्यासाठी लागणारं काय आणि सोयीचं काय? त्यांनी टायर, बुश आणि शॉकअपवर बोट ठेवलं, मग इंजिनावर. क्लच अजून वर्षभर निघेल म्हणाले, एसीचं तर नावच नको. ७२ चे ५६ हजार झाले. मग मी विचारलं, "दादा, एवढं केल्यावर पुढची दोन वर्षं निर्धास्त राहू का?"

माणूस प्रामाणिक. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "वहिनी, इंजिनाची खात्री देतो. बाकीच्याची कशी देऊ? आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. एवढ्या जुन्या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी बनवलेले नाहीत. एकेक बदलत राहावं लागेल. आणि कंपनीनं २०१९ मध्ये इथं गाड्या विकणं थांबवलं. काही सामान मिळतं, काही कुर्ल्याच्या जुन्या बाजारात शोधावं लागतं." मला गंमत वाटली. ही गाडी कुर्ल्याच्याच कारखान्यात जन्मलेली. म्हणजे म्हातारपणी औषधासाठीसुद्धा माहेरीच जायचं!

शिवाय पासिंग होतंच. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आमचं २०१७ आणि २०२२ मध्ये झालं होतं. पुढचं २०२७ मध्ये. आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीची ही फी १० हजार झाली आहे, पर्यावरण कर वेगळा.

घरी येऊन मी वहीत तिसरा रकाना आखला. आतापर्यंत मी 'दुरुस्त करणे' आणि 'विकून दुसरी घेणे' एवढेच दोन मांडत होते. तिसरा रकाना होता, 'काही दिवस गाडीशिवाय राहणे.' गावातल्या कामाला स्कूटर आहेच. पुण्या-कोल्हापूरला एसटी, आणि २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. चिपळूणच्या चार खेपा भाड्याच्या गाडीनं केल्या तरी वर्षाला १८-२० हजार. रात्रीबेरात्री लागलीच तर कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या दादांचा नंबर भिंतीवर लिहून ठेवायचा. हा रकाना सगळ्यांत हलका निघाला. पण तो लिहिताना हात जड झाला होता, हेही तुमच्यापासून लपवत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी वही ह्यांच्यापुढे ठेवली. "अहो, एकदा बघा तरी."

त्यांनी शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "मला गाडी विकायची नाहीये."

मी गप्प.

"पण तुझे पैसे मला तिच्यात घालायचे नाहीत. तीन महिने तेच बोलता येत नव्हतं. दुरुस्त करू म्हटलं असतं तर तू ते काढून दिले असतेस. विकू म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, मी तुझ्यासाठी मन मारतोय."

"आणि तुम्ही मन मारत नाही आहात?"

"मारतोय की," हे म्हणाले. "थोडं तूही मारतेस. बी.एड.चा फॉर्म कधी भरायचा आहे?"

मला काही बोलता आलं नाही. उठून मी उगीचच ओटा पुसून आले.

भंगारवाले २७ हजार देत होते. ह्यांच्या एका मित्राच्या ओळखीनं कराडचा एक तरुण आला. त्याच्याकडे अशीच एक पॅलिओ आहे आणि तो स्वतः मिस्त्रीकाम जाणतो. आम्ही सगळे दोष आपणहून सांगितले. त्यानं गाडीखाली आडवं पडून बघितलं आणि ५२ हजार दिले.

व्यवहार करताना एक लक्षात ठेवा. सह्या करून कोरे कागद कुणाच्या हाती देऊ नका. मालकी बदलण्याचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म पूर्ण भरून द्या, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा आणि आरसी बुकावर नवं नाव चढेपर्यंत पाठपुरावा करा. तोवर गाडीनं काही केलं तर विचारणा तुमच्याच दारात येते. आमचं नाव उतरायला तीन आठवडे लागले. तोवर मी दर दोन दिवसांनी त्या मुलाला फोन करत होते. बिचारा कंटाळला असेल!

गाडी न्यायच्या आदल्या दिवशी मी ती आतून झाडली. लेकीची हरवलेली क्लिप सापडली, नाण्यांत साडेतेरा रुपये सापडले. मागच्या सीटखालचा गालिचा उचलला तर खाली वाळलेल्या मातीचा थर. चिपळूणच्या पुराची माती, आमच्या चपलांबरोबर आत आलेली. केरसुणी हातात घेऊन मी थोडा वेळ तशीच बसले. मग झाडून घेतली. पुढच्या माणसाला गाडी स्वच्छ मिळायला हवी.

ती स्वतःच्या चाकांवर गेली नाही, टेम्पोवर चढवून नेली. हे कोपऱ्यापर्यंत मागे मागे चालत गेले. परत आल्यावर मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. चहा मात्र दोघांनी दोनदा घेतला.

बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म मी भरला आहे. छत्तिसाव्या वर्षी पुन्हा अभ्यासाला बसताना लेक शेजारी बसून पाढे म्हणते. ५२ हजार बँकेत वेगळे ठेवलेत. पुढेमागे माझा कायम पगार सुरू झाला तर त्यात भर घालून छोटी गाडी घेऊ. ती साधी असेल, १०० घोड्यांची नसेल. पाऊस असला आणि स्कूटरवर भिजत मंडईतून आले की पॅलिओची आठवण येते आणि स्वतःचा रागही येतो. निर्णय बरोबर असला म्हणून तो सोपा असतो असं थोडंच आहे?

तुमच्याही अंगणात किंवा माळ्यावर असं एखादं पातेलं असेल. ठेवायचं की द्यायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त त्यात अजून काय शिजतं, ते एकदा वहीत मांडून बघा. आणि वही एकट्यानं मिटून ठेवू नका, ज्याला दाखवायची त्याला दाखवा. आमचे तीन महिने तेवढ्यासाठीच गेले.