अंथरुणातून बैठकीत आलेला काढा

सातारा-सांगलीकडच्या माणसाला काढा ठाऊक असतो, पण तो आजारपणातला. घसा बसला की आजी आलं ठेचायची, तुळस खुडायची, चार मिरी टाकायची आणि समोर बसून पेला रिकामा करवून घ्यायची. तोच काढा गवती चहा, गूळ आणि हळद घालून धडधाकट माणसापुढे दुधाच्या चहाऐवजी ठेवला, तर पहिला घोट अडखळत जातो. आधी गवती चहाचा लिंबासारखा वास, मग आल्याचा चटका, गुळाची गोडी आणि शेवटी जिभेच्या मुळाशी हळदीचा कडवटपणा. दूध नसल्याने एकेक चव सुटी लागते.

या चवीमागे दोन्ही जिल्ह्यांचं शिवार आहे. साताऱ्याकडे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आल्याची लागण होते. पीक आठ-नऊ महिने रान अडवून बसतं आणि भाव पडला की वर्षाची मेहनत वाया जाते. हळदीचंही तेच, शिवाय काढल्यावर ती शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, मग सांगलीच्या बाजारात न्यायची. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात ती जमिनीखालच्या पेवांत साठवली जाई. पेव उघडलं की कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कुणी आत उतरत नसे. 2005 च्या महापुरानं या पेवांचं मोठं नुकसान केलं.

मिरी मात्र बाहेरून येते, आणि तिचं काम मोठं आहे. हळदीतलं कर्क्युमिन एरवी शरीरात फारसं शोषलं जात नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी 1998 साली दाखवलं, की मिरीतल्या पायपरिनची जोड मिळाली तर माणसांत हे शोषण कितीतरी पटींनी वाढतं. सुंठ ओल्या आल्याहून झणझणीत का, यालाही कारण आहे: वाळताना जिंजेरॉलचं शोगाओल होतं.

2020 मध्ये कोरोनाच्या साथीत आयुष मंत्रालयानं तुळस चार भाग, दालचिनी आणि सुंठ दोन-दोन, मिरी एक भाग असं काढ्याचं प्रमाण सांगितलं, आणि घराघरांत पातेली चढली. साथ ओसरली तशी पुन्हा उतरलीही. रोगाच्या धाकानं आलेली सवय रोगाबरोबर गेली.

खरं तर हा पेला चवीसाठीच प्यावा. तो रोग बरे करतो असा दावा करू नये. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी परसात गवती चहाचं एक ठोंब लावावं. हळदीची तयार भुकटी घेण्याऐवजी हळकुंडं घेऊन ओळखीच्या गिरणीत दळून आणावीत; भुकटीत रंगाची भेसळ सहज खपून जाते, मात्र अख्ख्या हळकुंडांनाही कधीकधी रंग चढवलेला असतो. आणि जमेल तेव्हा आलं-हळद थेट शेतकऱ्याकडून घ्यावी.