बेळगावचा खंदक आणि टायबरचे खोरे

पुण्याहून दक्षिणेकडे निघालेला महामार्ग कोगनोळीचा नाका ओलांडतो आणि थोड्याच वेळात निपाणी येते. आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या बडोद्यात गेल्या. परंतु आईचे माहेर निपाणीचे असल्यामुळे तंबाखूच्या वखारींवरून येणारा तो उग्र वास मला अजूनही आजोळचाच वाटतो. यंदा बऱ्याच वर्षांनी तिकडे जाण्याचा योग आला. निमित्त घरगुती होते. मनात मात्र एक जुना प्रश्न होता, आणि तो होता मामांचा.

मामा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत 'इटली स्टार' हे पदक असे. आम्ही भाचरे त्यांना लढाईच्या गोष्टी सांगण्याचा हट्ट धरीत असू. ते सांगत ते चिखलाविषयी, दारूगोळा वाहणाऱ्या खेचरांविषयी आणि द्राक्षांच्या मळ्यांविषयी. एकदा मात्र सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "अरे, तिथल्या टेकड्यांवर गावोगावी कोट आहेत. आपल्यासारखेच. ते कुणी कुणाविरुद्ध बांधले, ते आम्हांला ठाऊक नव्हते. आम्ही तरी कुणासाठी लढलो, ते तू शिकलास की मला सांग." मामांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. उत्तर द्यायचे राहूनच गेले.

ते कोट ज्या काळात गजबजलेले होते, तो इटलीच्या प्रबोधनाचा काळ. चौदाव्या-पंधराव्या शतकांत मिलान, फ्लॉरेन्स, व्हेनिस, नेपल्स आणि पोपचे राज्य ही सत्ताकेंद्रे परस्परांशी सतत झगडत होती. व्यापारावर गबर झालेल्या या नगरांनी स्वतःचे नागरिक रणांगणावर धाडण्याऐवजी भाडोत्री सेनानी नेमले. किती स्वार, किती महिने, किती वेतन, याचा रीतसर करार होई. त्याला 'कोन्दोत्ता' म्हणत आणि तो करणारा सेनानी 'कोन्दोत्तिएरे'. करार संपला की कालच्या शत्रूची चाकरी पत्करण्यास त्याला आडकाठी नसे. जॉन हॉकवुड हा इंग्रज असाच फ्लॉरेन्सचा सेनापती झाला; तेथील महामंदिराच्या भिंतीवर पाओलो उच्चेल्लो याने १४३६ साली काढलेले त्याचे अश्वारूढ चित्र आजही पाहावयास मिळते. फ्रान्चेस्को स्फोर्झा तर १४५० साली मिलानचा अधिपतीच होऊन बसला. आणि ज्याच्या निष्ठेविषयी संशय आला, त्या कार्मान्योलाचा व्हेनिसने १४३२ साली शिरच्छेद केला.

हे सारे परके वाटते काय? मग निपाणीतच थोडे थांबावे. या गावाचे नाव पेशवाईच्या उत्तरार्धात गाजविले ते सिद्धोजीराव निंबाळकर यांनी. कागदोपत्री आणि लोकांच्या तोंडी ते आप्पा देसाई निपाणकर. पदरी फौज बाळगावी, ती मोहिमेला न्यावी आणि तिच्या बळावर मुलूख राखावा, हा त्या काळचा व्यवहार. चिकोडी आणि मनोळी हे दोन तालुके कोल्हापूरकर व निपाणकर यांच्यातील वैराचे मूळ होते. त्यापूर्वीच, सप्टेंबर १७९९ मध्ये, कोल्हापूरच्या फौजेशी झालेल्या पट्टणकुडीच्या लढाईत परशुरामभाऊ पटवर्धन कामास आले होते. मारणारे मराठे, मरणारेही मराठेच. १८०३ च्या युद्धात बापू गोखले आणि आप्पा देसाई हे दोघेही पेशव्यांचे सरदार म्हणून आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीच्या बरोबर होते. पुढे पंधरा वर्षांनी तेच बापू गोखले अष्टीच्या रणात इंग्रजांशी लढताना पडले. निपाणकरांनी मात्र त्या युद्धात हात राखून ठेवला आणि पेशव्यांची साथ सोडून ते परतले. त्यामुळे जहागिरीचा बराच भाग वाचला. परंतु चिकोडी-मनोळी इंग्रजांनी कोल्हापूरच्या पदरात टाकली, आणि काही वर्षांतच कोल्हापूरकडूनही काढून घेतली. १८३९ साली आप्पा देसाई पुत्रावाचून निवर्तले व निपाणी खालसा झाली.

त्यांना दोष देणे आज सोपे आहे. पण ज्या मालकाकडून फौजेचा खर्च वेळेवर मिळत नाही, ज्याचा शब्द उद्या टिकेल याची खात्री नाही, त्याच्यासाठी किती मरावे, हा प्रश्न त्या काळच्या प्रत्येक सरदारापुढे होता. इटलीतल्या सेनानींपुढेही तोच होता.

निपाणी सोडली की तवंदीचा घाट लागतो. मग संकेश्वर, हत्तरगी, काकती असे करीत गाडी बेळगावात शिरते. शहराचे नाव २०१४ पासून सरकारदप्तरी बेळगावी असे झाले. आमच्या तोंडी बेळगावच राहिले आहे. किल्ल्याचा खंदक अजूनही पाहणाऱ्याला थबकवितो. तेराव्या शतकाच्या आरंभी रट्ट राजवटीत हा किल्ला उभा राहिला. आतील कमल बस्ती हे सुंदर जैन मंदिर त्याच काळाची साक्ष देते. बहामनी वजीर महमूद गवान याने १४७३ साली हा किल्ला घेतला, तेव्हा तटाखाली सुरुंग लावून तो उडविण्यात आला आणि दक्षिणेला ही विद्या तोवर ठाऊक नव्हती, असे फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. पुढे वीस-एकवीस वर्षांनी, १४९४ साली, फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स ओतीव तोफा घेऊन इटलीत उतरला, आणि तेथील उंच तटांचा व करारी फौजांचा भरवसा त्याच रीतीने ढासळला. आपसांतील भांडणात परक्याला बोलावणारे आधी घरचेच होते. बेळगावच्या तटावर मुनरोच्या तोफा चालल्या त्या १८१८ च्या मार्च-एप्रिलमध्ये. सुमारे तीन आठवडे आतील शिबंदीने टिकाव धरला. १० एप्रिलला किल्ला गेला. पुण्याहून मदत येणे तेव्हा शक्यच नव्हते. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण आधीच चढले होते.

मॅकिआव्हेली या फ्लॉरेन्सच्या मुत्सद्द्याने भाडोत्री फौजांवर सडकून टीका केली. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात अंग्यारी येथे १४४० साली झालेल्या लढाईत एकच माणूस मेला आणि तोही घोड्यावरून पडून, असे त्याने उपहासाने लिहिले. आधुनिक संशोधकांच्या मते ही निव्वळ अतिशयोक्ती आहे. प्रत्यक्षात शेकडो माणसे पडली. पगार घेणारा मरत नाही, हा समज घरी बसून लिहिणाऱ्यांचा असतो.

त्याच खोऱ्यात मोन्तोने नावाचे टेकडीवरचे गाव आहे. ब्राच्चो दा मोन्तोने या नामांकित कोन्दोत्तिएरेचे घराणे तेथले. आणि त्याच खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. तुकडीतील सारे सोबती ठार वा जखमी झाल्यावर त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर धाव घेतली; काडतुसे संपली तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले. ठाणे घेतले आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांना ते बळी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढल्या वर्षी ९ एप्रिलला सेनिओ नदीवर पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन सुरुंग पेरलेल्या वाटेने पार नेले, मग एकट्याने शत्रूची ठाणी गप्प केली आणि बांधावर उभे राहून शिवछत्रपतींचा जयजयकार केला. त्यांनाही तोच सन्मान लाभला.

मोन्तोनेत २०२३ साली घाडगे यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारण्यात आली. ज्या गावाने एका भाडोत्री सेनानीचे नाव सहाशे वर्षे जपले, त्याच गावाने माणगाव तालुक्यातल्या एका मराठी तरुणालाही आपले म्हटले.

बेळगावात रेजिमेंटच्या केंद्राजवळ संध्याकाळी उभा राहिलो. कवायतीहून परतणाऱ्या पोरसवदा जवानांच्या बुटांचा एकसुरी आवाज येत होता. मामांचा प्रश्न मनात होताच. परक्या राजाचा पगार त्यांनी घेतला, हे खरे. पण नामदेव जाधवांच्या पाठीवर जो जखमी होता, तो कुणा राजाचा नव्हता. तो शेजारच्या खंदकातला सोबती होता. करार राजाशी असतो, प्राण सोबत्यासाठी दिला जातो. मामांनी बहुधा हे जाणूनच मला चिखलाच्या आणि खेचरांच्या गोष्टी सांगितल्या असाव्यात. उत्तर त्यांच्यापाशीच होते, मला ते शोधायला इतकी वर्षे लागली.

परतताना निपाणीत मामांची ट्रंक उघडली. पदकाची फीत विटली आहे. ते मी बडोद्याला आणले नाही. ते त्या घरातच शोभते.