शनिवारवाड्याची जोती

पुण्यातला शनिवारवाडा बघायला आलेल्या पाहुण्यांचा थोडा हिरमोड होतोच. परवा नागपूरच्या भाच्याला घेऊन गेलो. दिल्ली दरवाजापाशी स्वारी खूश होती. हत्तीनं मस्तक टेकवून दार रेटू नये म्हणून ठोकलेले लांबलचक अणकुचीदार खिळे त्यानं हात लावून पाहिले. दिंडीतून वाकून शिरला, आणि समोर हिरवळ, फुलझाडं, मध्येमध्ये गुडघाभर उंचीचे दगडी ओटे.

"मामा, वाडा कुठंय?"

प्रश्न रास्त होता. 10 जानेवारी 1730 रोजी पहिल्या बाजीराव पेशव्यांनी पायाभरणी केली आणि 1732 मध्ये वास्तुशांत झाली. पण वरचे मजले लाकडाचे. 27 फेब्रुवारी 1828 ला आग लागली, ती काही दिवस धुमसत राहिली आणि सागवानाचा सगळा डोलारा भस्मसात झाला. जळण्यासारखं नव्हतं तेवढं उरलं: तट, दरवाजे आणि जोती. 1919 मध्ये हे स्मारक संरक्षित झालं आणि पुढच्या काही वर्षांच्या उत्खननात ही जोती उजेडात आली. बाग त्यानंतरची.

त्याला तटावर नेलं. खाली बसून जे निव्वळ ओटे वाटतात, ते वरून पाहिलं की जुळायला लागतात. चौकाला लागून चौक, भिंतींच्या रेषा, मधल्या पायऱ्या. कागदावर काढावा तसा सगळा आराखडाच. पोरगं बोट दाखवून खोल्या ठरवू लागलं. त्याच्या मते मुदपाकखाना दिवाणखान्याच्या अगदी शेजारी होता. असू दे.

हजारी कारंजापाशी उतरलो. सोळा पाकळ्यांचं दगडी कमळ. नाव हजारी, तोट्या मात्र हजारापेक्षा पुष्कळ कमी. त्यानं पाकळ्या मोजल्या आणि मग एकदम विचारलं, "ते 'काका मला वाचवा' इथंच ना?" यूट्यूबची कृपा! पेशवे नारायणरावांचा खून इथंच झाला, 30 ऑगस्ट 1773 ला, गारद्यांकडून. त्यामागचं राजकारण मी सांगितलं, पण त्याला नारायणरावांची ती हाक अजून देतं म्हणतात त्या भुतातच रस. माझं मत विचाराल तर या भुतानं वाड्याचं आगीनंतरचं सर्वांत मोठं नुकसान केलंय. लोक अमावस्या-पौर्णिमा विचारतात, जोत्यांवर बसून वेफर्स खातात आणि निघून जातात.

तुम्ही गेलात तर आधी तट चढा, बाग नंतर बघा. आणि सकाळी जा. दुपारी वर सावली नसते.