मागची काच

"काच तुमच्याकडे आल्यावर घासली असणार, मॅडम." फोनवर हे वाक्य ऐकलं त्याला बराच काळ लोटला, पण लेन्सचा विषय निघाला की आजही माझा आवाज चढतो. घरचे आता तो विषयच काढत नाहीत.

कॅमेरा मामांचा. सोव्हिएत बनावटीचा झॉर्की-४, त्यावर ५० मिमीची ज्युपिटर-८, आणि सोबत कातडी पिशवीत एक फिरता व्ह्यूफाइंडर. तो गोल फिरवला की २८, ३५, ५०, ८५ आणि १३५ मिमीच्या चौकटी एकेक करून दिसतात. रेंजफाइंडर ज्यांनी वापरला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. खिडकीतल्या दोन प्रतिमा एकावर एक बसल्या की फोकस झाला. झॉर्कीची एक सक्त अट आहे, शटर भरल्याशिवाय स्पीडच्या चकतीला हात लावायचा नाही. कॅमेरा हातात देताना मामांनी एवढंच बजावलं होतं.

मी छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात राहते, सूतगिरणी चौकापासून जवळच. आमच्याकडे रस्ते त्या मानाने रुंद आहेत, तिथे ५० मिमीचं काही अडत नाही. अडतं ते जुन्या शहरात. गुलमंडीवरून सिटी चौक, सराफा असं चालत गेलं की मागे सरकायला जागाच उरत नाही, पाठ दुकानाच्या पायरीला टेकते. तीन मीटरवरून ५० मिमीत जेमतेम सव्वादोन मीटर रुंदी मावते. म्हणजे बांगड्यांच्या दुकानात बसलेली बाई येते, पण दुकान येत नाही. ३५ मिमीत तेवढ्याच अंतरावरून तीन मीटर मावतात, आणि शेजारचा गाडा, वरची पाटी, सगळं चौकटीत येतं. मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा पूर्ण घ्यायचा तर मागे सरता सरता माणूस रिक्षांच्या मध्ये जातो. वाइड लेन्स हवी होती ती एवढ्यासाठी.

पैशांची मर्यादा दहा हजार. त्यात काय बसतं ते शोधायला लागले. जपानच्या कोसिना कंपनीची फोइग्टलँडर कलर-स्कोपार ३५ मिमी एफ २.५ मनात पक्की बसली होती. चिमुकली, नीटस, आणि जुनी आवृत्ती आट्यांची असल्यामुळे झॉर्कीवर थेट बसणारी. पण वापरलेली घ्यायची म्हटलं तरी किंमत माझ्या मर्यादेच्या कितीतरी पुढे, आणि परदेशातून मागवली तर वर कस्टम ड्यूटी. तेव्हा स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या वस्तूवर सगळं मिळून ७७.२८ टक्के भरावे लागत. छंदासाठी वस्तू मागवणाऱ्यावर एवढा कर कशासाठी, हे मला कधी पटलं नाही. कॅननच्या जुन्या २८ आणि ३५ मिमी आटेवाल्या लेन्सही पाहिल्या, त्याही हाताबाहेर. चिनी कंपन्यांच्या नव्या लेन्स स्वस्त आहेत, पण त्या बहुतेक लायका एम माउंटच्या. आट्यांची लेन्स एक मिलिमीटरच्या रिंगवर एम कॅमेऱ्याला लागते, उलट मात्र जमत नाही. सोव्हिएत ओरायन-१५ ही २८ मिमीची लेन्स एफ ६ पासूनच सुरू होते. सराफ्यातल्या सावलीत एफ ६ घेऊन काय करणार?

राहिली ज्युपिटर-१२. ३५ मिमी, एफ २.८. मूळ रचना झाइसच्या बायोगॉनची, लुडविग बर्टेले यांनी १९३०च्या दशकात केलेली. युद्धानंतर ती रशियात गेली आणि तिथल्या कारखान्यांनी ती वर्षानुवर्षं काढली. हातात घेतली तर वजन नगण्य. ॲपर्चरची रिंग मात्र पुढच्या काचेभोवती आत दडलेली, बोट घालून फिरवावी लागते. आणि मागची काच एखाद्या कांद्यासारखी फुगून आट्यांच्या बाहेर येते, कॅमेऱ्याच्या पोटात फिल्मच्या अगदी जवळ जाऊन बसते. ही लेन्स टेबलावर कधीही उभी ठेवायची नाही. नेहमीचं चपटं झाकण तिला लागत नाही, तिचं म्हणून एक खोल झाकण असतं.

एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याकडे ती मिळाली. फोटो आले, सगळे पुढून काढलेले. मागच्या काचेचा फोटो मागितला तर "एकदम क्लीन आहे मॅडम, डोळे झाकून घ्या" असं उत्तर आलं. पुन्हा मागितल्यावर एक फोटो आला, दुरून काढलेला, त्यात काच स्वच्छ दिसत होती. पैसे पाठवले.

पार्सल आलं. बबल रॅपच्या तीन घड्या, आत लेन्स, आणि मागे चपटं धातूचं झाकण, आट्यांवर बसत नाही म्हणून सेलोटेपने गुंडाळलेलं. टेप पाहूनच पोटात गोळा आला. झाकण काढलं, टेबललॅम्पखाली काच तिरपी धरली. मधोमध, किंचित उजवीकडे, अर्धवर्तुळाकार ओरखडा. बारीक केसासारखा असता तर म्हटलं असतं जुनी वस्तू आहे, चालायचंच. हा रुंद होता, काचेवरचा लेप उडालेला, कडांना पांढरट. मग झाकण उलटं करून पाहिलं. आतल्या काळ्या रंगावर तेवढ्याच वाकाची चमकदार रेघ होती, रंग खरवडून धातू उघडा पडलेला. दोन्ही शेजारी ठेवले, फूटपट्टी लावली, फोटो काढले आणि त्याला पाठवले. माझ्या मते याहून स्पष्ट पुरावा असू शकत नाही. झाकण त्याने लावलं, टेप त्याने गुंडाळली, कुरिअरच्या धक्क्यांत काच त्या झाकणावर घासत आली.

व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दिसल्या. उत्तर नाही. संध्याकाळी मीच फोन केला, तेव्हा ते वाक्य ऐकलं. पुढे म्हणाला, "लेडीज लोकांना ही लेन्स हाताळायची सवय नसते, टेबलावर ठेवली असेल." मी झाकणावरच्या रेघेचं विचारलं. "पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आहे का?" नव्हता. "मग कसं होणार, तुम्हीच सांगा." आवाज अगदी मऊ, समजूत घातल्यासारखा. पैशांपेक्षा तो मऊपणा मला जास्त लागला. ज्या वस्तूबद्दल मी त्याच्यापेक्षा जास्त वाचलं होतं, तीच कशी धरायची हे तो मला शिकवत होता.

भाऊ म्हणाला, "ताई, सोडून दे, डोक्याला ताप नको." २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, हे मला माहीत होतं. अर्जाचा मसुदाही तयार केला. पण मी दोनदा मागूनही त्याने बिल दिलेलं नव्हतं, आणि कागदावर विक्री कुठेच दिसत नव्हती. जुन्या कॅमेऱ्यांचा हा सगळा बाजार विश्वासावर चालतो असं म्हणतात. माझ्या अनुभवाने तो विकत घेणाऱ्याच्या विश्वासावर चालतो, विकणाऱ्याला त्यातलं काहीच पाळावं लागत नाही.

लेन्स कपाटात पडून राहिली. मग एका पावसाळ्यात, बुरशी धरेल या भीतीने बाहेर काढली आणि एक रोल भरला. सराफ्यात एफ ४, एफ ५.६ वर काढलेल्या फोटोंत ओरखड्याचा मागमूसही नव्हता. मध्यभागी इतकी धार, की तांब्याच्या घंगाळावरचे ठोके मोजता यावेत. मात्र बीबी का मकबऱ्यात भर उन्हात एफ १६ वर घेतलेल्या फोटोत, मिनाराशेजारच्या मोकळ्या आकाशात एक फिकट वाकडा पट्टा आला. मागची काच फिल्मच्या इतकी जवळ असते की छिद्र लहान केलं की तिच्यावरचा दोष सावलीसारखा उमटतो. पुढच्या काचेवरचा ओरखडा बहुतेक वेळा माफ होतो, मागच्या काचेवरचा होत नाही.

उपाय सोपा वाटतो, छिद्र मोठं ठेवा. पण मराठवाड्याच्या दुपारी ४०० आयएसओची फिल्म असेल तर झॉर्कीच्या १/१००० ला सुद्धा एफ ११ च्या आसपास जावं लागतं. म्हणून मी उन्हासाठी १०० ची फिल्म वापरते, १/१००० ला एफ ५.६ मिळतो. ४०० ची गल्ल्यांसाठी. एफ ५.६ वर अंतर तीन मीटरवर लावून ठेवलं की साधारण दोनपासून पाच मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं, गर्दीत फोकस करत बसावं लागत नाही.

तेव्हा पैसे परत हवेत म्हणून मी भांडले होते. आज त्याने पैसे परत देऊ केले तर लेन्स परत देईन का? नाही देणार. त्या माणसाला मात्र मी माफ केलेलं नाही.

आट्यांच्या रेंजफाइंडरसाठी स्वस्त आणि छोटी वाइड लेन्स शोधत असाल तर ज्युपिटर-१२ च घ्या. पण मागच्या काचेचा, दिव्याखाली तिरपी धरून जवळून काढलेला फोटो आल्याशिवाय पैसे पाठवू नका, आणि तिचं खोल झाकण सोबत आहे का ते आधी विचारा. पार्सल उघडताना घरातल्या कुणाला तरी मोबाइल धरायला सांगा. बिल मिळत नसेल तर लेन्स कितीही चांगली असली तरी सोडून द्या, दुसरी मिळते.